मटकी डोक्यावर नसते

सिमरोलला परवा एका कार्यक्रमात 'मालव्याचं मटकी नृत्य' पाहिलं. बारा मुली, सगळ्यांचे घागरे एका रंगाचे, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर चकचकीत मटकी. टाळ्या भरपूर पडल्या. पण मटकी हे नाव घड्याचं नाही हो, ते ढोलाच्या ठेक्याचं. लग्नाघरी ढोलवाला तो ठेका धरतो, एकच बाई उठते, मग जाऊबाई, नणंद, शेजारीण अशा एकेक सामील होतात. आडा, खडा, रजवाडी हे त्याचेच प्रकार. घुंगट असतो, म्हणून चेहरा काही सांगत नाही, जे सांगायचं ते मनगटं आणि कंबर. मुलींचा घुंगट काढला ते छानच झालं, तो परत यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण मग हातही गेले, ते का? ते तर घडा सावरण्यात अडकलेले!

डोक्यावर वजन घेऊन नाचणं बघायचं तर घाट उतरा. सिमरोल सोडलं की खंडवा रस्ता चोरलकडे खाली जातो आणि बडवाहपर्यंत मालवीची निमाडी झालेली असते. तिथे चैत्रात गणगौर. रनुबाई आणि धणियर राजाचे रथ बायका डोक्यावर घेऊन नाचतात. मान ताठ, पाऊल आखूड, कारण वर देव आहे. तो तोल भक्तीचा, कसरतीचा नव्हे. सिमरोलच्या रंगमंचावर नाव मालव्याचं, ओझं निमाडासारखं, आणि शेवटी झाबुआच्या भगोरियातला मांदल रेकॉर्डवर वाजला. आठ मिनिटांत तीन मुलूख.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. बल्गेरियात शोप डोंगराळ भागातला नाच हलका, झटक्याचा, थ्रेसच्या मैदानातला गुडघे वाकवून जमिनीला धरून. 1951 साली फिलिप कुतेव यांनी सरकारी लोककला संच उभारला, युगोस्लाव्हियात 'कोलो' 1948 सालचा. त्यांनीही गावचं वर्तुळ प्रेक्षकांसमोर उघडलं, रांगा केल्या. तरी कुठल्या प्रांताचं पाऊल कुठलं, एवढं भान त्यांच्या कार्यक्रमांत सहसा असे. आपण तेवढंही ठेवत नाही.

त्या बारांतली एक, डावीकडून तिसरी, मांदल सुरू झाल्यावर घडा खाली ठेवून आली आणि क्षणभर मनगट असं फिरवलं, की आजीकडे शिकली असावी. संचालकबाईंनी विंगेतून तिला रांगेत ढकललं.