पुरस्काराचे दोन अर्थ : बेंद्रे यांच्या निमित्ताने

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी या विस्तीर्ण वसाहतीत एका विभागास बेंद्रेनगर असे नाव आहे. ज्या कवीचे हे नाव, तो धारवाडचा. त्याची घरची भाषा मराठी, काव्याची भाषा कन्नड. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, म्हणजेच 'अंबिकातनयदत्त', यांचे नाव आज तेथील पत्त्यांवर आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे. त्या पत्त्यावर राहणाऱ्या किती जणांनी 'गरी' किंवा 'नादलीला' उघडून पाहिली असेल, हा प्रश्न अप्रस्तुत होय. नामकरण हा गौरवाचा सर्वांत उदार आणि सर्वांत अडाणी प्रकार आहे. तो कोणाला वगळीत नाही, आणि ज्याचा गौरव करावयाचा त्याने नेमके काय केले, याचीही चौकशी करीत नाही. परंतु पारितोषिके, फेलोशिपा, पद्म पदव्या यांसारखे जे गौरव चौकशी करून दिले जातात, ते तरी कामाच्या कितपत जवळ पोहोचतात? बेंद्रे यांच्या आयुष्यात हे सर्व गौरव आले. म्हणून या प्रश्नाचा विचार त्यांच्या उदाहरणावरून करणे सोयीचे आहे.

आरंभी शब्दांकडे पाहिले पाहिजे, कारण या बाबतीत मराठी भाषेने काही भेद फार पूर्वीच करून ठेवले आहेत. बक्षीस वरून खाली येते. देणारा मोठा आणि घेणारा लहान, हे त्या शब्दात गृहीतच आहे. पारितोषिकात परितोष आहे, पण तो देणाऱ्याचा. दाद मात्र जाणकाराचीच असते. बैठकीत शेजारी बसलेल्या गवयाची मान हलली, तर तिचे मोल श्रीमंत श्रोत्याच्या शालीहून निराळे. आणि पुरस्कार? या शब्दाचा धात्वर्थ पुढे करणे, पुढे ठेवणे असा आहे. एखाद्या मताचा पुरस्कार करणे, म्हणजे ते आपले मानून त्याच्यासाठी उभे राहणे. 'पुरस्कर्ता' या शब्दात हा अर्थ अद्याप शाबूत आहे. पुढे हाच शब्द पदक, मानपत्र आणि धनादेश यांना लागू झाला, आणि त्यातील उभे राहण्याचा अर्थ हळूहळू मागे पडला. पहिल्या अर्थाचा पुरस्कार काम चालू असताना होतो, दुसऱ्या अर्थाचा काम झाल्यावर. बेंद्रे यांच्या चरित्रात या दोहोंमधील अंतर वर्षांनी मोजता येते.

१८९६ साली धारवाड येथे जन्मलेल्या या कवीने पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतले, १९१८ साली पदवी संपादन केली आणि धारवाडला परतून शिक्षकाचा पेशा पत्करला. १९२२च्या सुमारास तेथे 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रांचा मेळा, उभा राहिला. विनायक कृष्ण गोकाक, रं. श्री. मुगळी, शं. बा. जोशी यांच्यासारखी माणसे या मेळ्यात होती. त्यांतील कोणाजवळही त्या वेळी देण्यासारखे पदक नव्हते. त्यांच्याजवळ कान होते. धारवाडची बोली, लोकगीतांच्या चाली, लावणीचा ठेका आणि उपनिषदांतील प्रतीके यांना एकत्र नांदविण्याचा जो प्रयोग बेंद्रे करीत होते, तो ऐकून कोठे सूर लागला आणि कोठे घसरला, हे सांगू शकणारे श्रोते त्यांना या मेळ्यात मिळाले. बेंद्रे यांची कविता वाचावयाची नसून ऐकावयाची आहे, असे जे वारंवार म्हटले जाते, त्याचे एक कारण ती अशा श्रोत्यांसमोर घडली हे होय. अशी मान्यता कामाच्या बाहेर राहत नाही. ती त्याच्या घडणीत उतरते.

सरकारनेही या कवीची दखल प्रथम घेतली ती निराळ्या रीतीने. 'नरबलि' या कवितेत राजद्रोह आढळला. १९३२ साली कवीस हिंडलग्याच्या तुरुंगात जावे लागले, पुढे मुगद या गावी स्थानबद्ध राहावे लागले, आणि शिक्षकाची नोकरी गेली ती गेलीच. नंतर कित्येक वर्षे स्थिर उपजीविका अशी नव्हती. एखाद्या शासनाने कवितेकडे इतक्या गंभीरपणे पाहावे, हीही एक प्रकारची मान्यताच, असे म्हणण्याचा मोह टीकाकारांस होतो. तो टाळावा, हे बरे. तुरुंगाचे मोल ज्याला द्यावे लागते, त्याच्या घरची चूल टीकाकाराला दिसत नसते. १९४४ साली सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा बेंद्रे पन्नाशीच्या जवळ आले होते. १९५६ पर्यंत ते तेथे राहिले. त्यानंतर आकाशवाणीच्या धारवाड केंद्राने त्यांस सल्लागार म्हणून बोलाविले. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या सोलापुरात, मराठी घरातला माणूस कन्नड शिकविण्यासाठी नेमला जातो, या गोष्टीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. ती नेमणूक कोणत्याही सन्मानाच्या यादीत सापडणार नाही. पण ज्याचे काम त्याला परत देणे, यापेक्षा मोठा व्यावसायिक गौरव सांगता येणे कठीण आहे.

या संदर्भात मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'जीवन' मासिकाच्या संपादनाशी बेंद्रे आणि मास्ती या दोघांचाही संबंध आला. बनशंकरीपासून जवळच असलेल्या गवीपूर भागात मास्तींचे घर होते. त्यांची घरची भाषा तमिळ. ते म्हैसूर संस्थानच्या सनदी सेवेतील ज्येष्ठ अधिकारी. १९४०च्या दशकात मंत्र्याच्या तोडीचे पद अपेक्षित असताना आपल्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास बढती मिळाली, म्हणून त्यांनी मुदतीपूर्वीच नोकरी सोडली. कन्नड कथेचे जनक म्हणून ज्यांची ख्याती झालेली होती, त्या माणसालाही कचेरीतील ज्येष्ठतेचा अवमान सहन झाला नाही. हे काहींना क्षुल्लक वाटेल. वस्तुतः ते अतिशय बोधक आहे. एका क्षेत्रातील कीर्ती दुसऱ्या क्षेत्रातील अन्यायाची भरपाई करीत नाही. लेखक मास्तींचा मान अधिकारी मास्तींच्या कामी येत नव्हता, आणि येऊही नये. ज्या कामात आयुष्याची तीन दशके गेली, त्या कामाची पावती त्याच कामाच्या जागी मिळावी, ही अपेक्षा अहंकाराची नव्हे, हिशेबाच्या सचोटीची आहे. १९८३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मास्तींना मिळाले, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

याच परिसरातले आणखी एक उदाहरण साहित्याबाहेरचे आहे. बनशंकरीला लागून असलेल्या हनुमंतनगरात वाढलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी तरुण बंगळूरच्या बसगाड्यांवर वाहक होता. पुढे तो रजनीकांत या नावाने विख्यात झाला. २०१९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार २५ ऑक्टोबर २०२१ रोजी स्वीकारताना त्याने तो ज्यांना अर्पण केला, त्यांत दिग्दर्शक के. बालचंदर आणि थोरले बंधू यांच्या जोडीने राज बहादूर या बसचालक मित्राचाही उल्लेख होता. आपल्या वाहकाच्या अंगी नट आहे, हे प्रथम ओळखले ते चालकाने. परीक्षक मंडळास तेच कळावयास पुढची जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

आता पारितोषिकांकडे वळावे. बेंद्रे यांना साहित्य अकादमीचे पारितोषिक १९५८ साली 'अरळु मरळु' या ग्रंथासाठी मिळाले. पाच काव्यसंग्रह एकत्र करून सिद्ध झालेला हा ग्रंथ कवीच्या साठीच्या सुमाराचा. आणि त्याचे नाव मोठे मिस्कील. बोलीभाषेत 'अरळुमरळु' म्हणजे साठीत बुद्धी नाठी होणे. पदे वेगळी केली की 'उमलणे' आणि 'परतणे' हे अर्थ हाती लागतात. कवीने जणू आपल्यावर येणारा आक्षेप आधीच शीर्षकात गुंफून ठेवला आहे. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. या ग्रंथात चिंतनाचे वजन वाढले आहे, अंकशास्त्र आणि गूढविद्या यांची ओढ दिसू लागली आहे, शब्दांचा खेळ पुष्कळ ठिकाणी खेळ म्हणूनच उरतो. १९३२चा 'गरी' किंवा १९३८ची 'नादलीला' यांतील कवितेत नाद आणि वेदना एकमेकींस सोडून राहत नाहीत. अपत्यवियोगाच्या कवितांत तर लोकगीताची साधी चाल दुःखाला इतके उघडे करते, की अलंकारास जागाच राहू नये. 'अरळु मरळु'त हे साहचर्य वरचेवर तुटते. मग पारितोषिक चुकले काय? नियमांच्या दृष्टीने नाही. अलीकडील पुस्तकासच ते द्यावयाचे असल्यामुळे परीक्षकांस वीस वर्षे मागे जाणे शक्य नव्हते. त्यांनी पुस्तकाच्या नावाने कवीस गौरविले. १९७३ साली, गोपीनाथ महांती यांच्यासमवेत विभागून, ज्ञानपीठ मिळाले, तेव्हा १९६४च्या 'नाकु तंती'चे नाव पुढे आले; या वेळीही घडले ते थोडेफार हेच. हे समजण्याजोगे आहे. परंतु टीकेने ते मान्य करून गप्प बसणे समजण्याजोगे नाही. पारितोषिक मिळालेला ग्रंथ तोच श्रेष्ठ ग्रंथ, असे समीकरण पाठ्यपुस्तकांतून रूढ होते आणि विद्यार्थी कवीच्या उतरणीवरून त्याच्या शिखराचा अंदाज बांधू लागतात. हा पारितोषिकाचा दोष नव्हे. त्याच्या मागोमाग येणाऱ्या आळसाचा आहे.

मराठीत हा प्रकार अधिक तीव्र स्वरूपात घडलेला आहे. बा. सी. मर्ढेकर यांना १९५६ सालचे अकादमी पारितोषिक मिळाले, ते मरणोत्तर, आणि 'सौंदर्य आणि साहित्य' या समीक्षाग्रंथास. ज्या कवितेने मराठी कवितेचे वळण बदलले, ज्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ज्यातून कवी निर्दोष सुटला, त्या कवितेच्या वाट्यास हा मान आला नाही. समीक्षाग्रंथ त्या मानास पात्र नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. उलट बाजूचे उदाहरणही याच काळातले आहे. १९५८ साली, म्हणजे बेंद्रे यांच्याच वर्षी, मराठीतील पारितोषिक चिंतामणराव कोल्हटकर या नटाच्या 'बहुरूपी' या आत्मचरित्रास लाभले. नाटकमंडळीतील कष्ट, तालमी, देणेकरी आणि सहकारी यांची हकीकत सांगणारे ते पुस्तक. एका धंद्याचे अंतरंग त्या धंद्यातल्याच माणसाने लिहिलेले. येथे गौरव आणि काम यांची गाठ नेमकी पडली.

बेंद्रे यांच्या गौरवांत एक असा आहे की ज्याची चर्चा कन्नड टीकेत गौण ठरते आणि मराठी टीकेत होतच नाही. 'संवाद' या त्यांच्या मराठी पुस्तकास १९६५ साली न. चिं. केळकर पारितोषिक मिळाले. ज्ञानपीठाच्या तुलनेत ते लहानसे. परंतु आयुष्यभर दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या माणसास त्याच्या घरच्या भाषेने दिलेली ही ओळख आहे. आणि ती प्रांताभिमानाने दिली गेली नाही, एका मराठी पुस्तकाचे मराठी पुस्तक म्हणून परीक्षण होऊन दिली गेली. बेळगाव-धारवाडच्या सीमेवरून दोन्ही बाजूंचे आवाज चढलेले असण्याच्या काळात हे घडले, हे विशेष. 'आमच्या मराठीचा माणूस कन्नडला ज्ञानपीठ मिळवून देतो' अशी फुशारकी मारणाऱ्या मराठी वाचकाने 'संवाद' चाळून पाहिला असता, तर तिला काही आधार तरी लाभला असता.

पारितोषिकांचा उपयोगच नाही, असे यावरून कोणी समजू नये. 'नाकु तंती'चे नाव कन्नडच्या बाहेर ज्ञानपीठामुळे पोहोचले. भाषांतरे होतात, ग्रंथालये प्रती मागवितात, आणि तुटपुंज्या वेतनावर आयुष्य काढलेल्या शिक्षकाच्या हाती उतारवयात काही रक्कम पडते. ही फळे हलकी मानणे, हा ज्यांना वेतनाची चिंता नाही त्यांचा विलास आहे. प्रश्न एवढाच, की दिलेला मान स्वीकारणाऱ्याच्या स्वतःच्या हिशेबाशी जुळतो की नाही.

१९७३ हे वर्ष धारवाडच्या दृष्टीने विलक्षण होय. साधनकेरीतल्या वृद्ध कवीस ज्ञानपीठ जाहीर झाले, आणि त्याच गावात इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया' या मराठी कथासंग्रहास साहित्य अकादमीचे पारितोषिक. पुस्तकाच्या प्रकाशनकालावरून वाद निघाला. कथांच्या गुणवत्तेविषयी त्या वादात शंका नव्हती. वाद तारखेचा होता, आणि व्यवहारी माणसाने तो संस्थेवर सोपवून दिला असता. कुलकर्णी यांनी पारितोषिक परत केले. त्यांच्या कथांतील माणसे नियतीशी व्यवहार करताना एक कवडीही उधार ठेवीत नाहीत; लेखकाचे वर्तन त्या जगाला शोभणारे होते. त्यांनी आपल्या बाजूने सभा गाजविल्या नाहीत. धारवाडच्या महाविद्यालयातील तास चालू राहिले, आणि १९७७ साली 'पिंगळावेळ' प्रसिद्ध झाला.