लेखक आणि 'लेखकराव' : साठोत्तरी कथात्म साहित्यातील परस्पर-समीक्षा आणि खानदेश

प्रस्तावना

साहित्यनिर्मिती ही एकांतात घडणारी क्रिया आहे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु कोणत्याही भाषेतील कथात्म साहित्याचा इतिहास पाहता या एकांताभोवती लहान-मोठी लेखकमंडळे वावरत असल्याचे दिसून येते. हस्तलिखित प्रथम वाचणारा, त्यातील कच्चे दुवे दाखवणारा आणि प्रसंगी जगाच्या विरोधात त्याची बाजू घेणारा वाचक हा अनेकदा दुसरा लेखकच असतो. अशा मंडळांकडून दोन अपेक्षा असतात : आधार आणि परखड परीक्षण. या दोन अपेक्षा परस्परपूरक असल्या तरी त्यांच्यात एक अंगभूत ताणही आहे. आधार वाढत गेला की त्याची स्तुती होते आणि परीक्षण वाढत गेले की त्याचा मत्सर होतो. मंडळाचे आयुष्य या दोन टोकांमधील तोल किती काळ सांभाळला जातो, यावर अवलंबून असते.

मराठीत १९६० नंतरच्या दोन दशकांत या प्रश्नाला विशेष धार आली. अनियतकालिकांच्या चळवळीत वावरणाऱ्या तरुण लेखकांनी प्रस्थापितांविरुद्ध परस्परांना आधार दिला आणि त्याच वेळी परस्परांच्या लेखकपणाची कठोर तपासणीही केली. या तपासणीतील सर्वांत ठाम आवाज खानदेशातून आला. जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातील सांगवी येथे १९३८ मध्ये जन्मलेले भालचंद्र नेमाडे हे कादंबरीकार म्हणून जितके महत्त्वाचे, तितकेच लेखकांचे परीक्षक म्हणूनही महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत निबंधात त्यांच्या लेखनाच्या आधारे कथात्म साहित्यिकांच्या परस्पर-समीक्षेचे स्वरूप, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

१. संपादकाची नजर आणि समकालीनांची नजर

अनियतकालिकांपूर्वी मराठी कथाकाराच्या हस्तलिखिताचा पहिला चिकित्सक वाचक प्रामुख्याने संपादक होता. १९३३ ते १९८२ या काळात प्रसिद्ध होत राहिलेल्या 'सत्यकथा' मासिकाचे उदाहरण या दृष्टीने सर्वश्रुत आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी दीर्घ पत्रव्यवहार करून, कथा पुन्हा लिहावयास लावून नवकथेच्या काळात एक वाङ्मयीन शिस्त निर्माण केली. गंगाधर गाडगीळांसारख्या नवकथाकाराने कथालेखनाबरोबरच 'खडक आणि पाणी' (१९६०) सारखे समीक्षालेखनही केले. म्हणजे कथाकाराने कथेची चिकित्सा करण्याची परंपरा साठोत्तरी पिढीपूर्वीच रुजली होती.

मात्र संपादकाची नजर आणि समकालीन लेखकाची नजर यांत मूलभूत फरक आहे. संपादकाच्या हाती स्वीकार-नकाराचा अधिकार असतो. त्यामुळे त्याची सूचना कितीही सौम्य शब्दांत आली तरी तिच्यामागे सत्ता असते. नव्या लेखकाला ती सूचना आपल्या अनुभवाशी विसंगत वाटली तरी ती झुगारणे अवघड जाते. पुढे याच मासिकाची अभिरुची एकसुरी झाल्याची तक्रार तरुणांकडून होऊ लागली आणि १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. ही कृती टोकाची होती. तरीही हस्तलिखित तपासण्याचा अधिकार एकाच केंद्राकडे असावा काय, हा तिच्यामागील प्रश्न रास्त होता.

अनियतकालिकांनी या प्रश्नाला व्यावहारिक उत्तर दिले. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांचे 'शब्द', अशोक शहाणे यांचे 'असो', नेमाडे यांचे 'वाचा' अशा प्रकाशनांत भांडवल अल्प, प्रती मोजक्या आणि आयुष्यही अनिश्चित होते. येथे लेखक, संपादक आणि वाचक ही बहुधा तीच मंडळी असत. त्यामुळे नकार देणारा आणि नकार घेणारा एकाच पायरीवर आले. पुढच्या अंकात भूमिका बदलणार, हे दोघांनाही ठाऊक असे. परस्पर-समीक्षेची पहिली अट म्हणजे हे समानत्व होय.

२. आधाराचे स्वरूप

या पिढीने परस्परांना दिलेला आधार केवळ मैत्रीचा नव्हता. वाङ्मयीन भूमिकेतील साम्य हा त्याचा पाया होता. अशोक शहाणे यांच्या 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' या १९६३ मधील लेखाने प्रस्थापित साहित्याची झाडाझडती घेतली. त्याच वर्षी पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने 'कोसला' प्रसिद्ध केली. त्याच वर्षी बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही आला. एकाच वर्षातील या तीन घटनांमधून जुन्या अभिरुचीला तीन वेगवेगळ्या दिशांनी तडे गेल्याचे दिसते.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) या पुस्तकाच्या वाट्याला अश्लीलतेचा आरोप आला. नाक्यावरच्या मुलांची भाषा जशीच्या तशी छापणे अनेकांना सहन झाले नाही. त्या वेळी दुर्गा भागवतांसारख्या ज्येष्ठ लेखिकेने पाध्यांची बाजू घेतली. पुढे नेमाड्यांनी मराठी कादंबरीवरील विवेचनात पाध्यांना महत्त्वाचे स्थान दिले. या दोन्ही प्रकारच्या आधारांत सूक्ष्म फरक आहे. पहिला आधार संकटकाळातील होता. दुसरा मूल्यनिर्णयाचा होता. वाद शमल्यानंतरही लेखकाचे स्थान टिकते ते दुसऱ्या प्रकारच्या आधारामुळे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून एक वास्तववादी प्रवाह आखून त्या प्रवाहात समकालीनाला बसवून दाखवणे, हे मित्राच्या पाठीवर थाप मारण्यापेक्षा कितीतरी अवघड आणि अधिक उपयुक्त काम आहे.

३. 'लेखकराव' होण्याची प्रक्रिया

आधाराची दुसरी बाजू नेमाड्यांनीच उघड केली. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हे त्यांच्या लेखाचे शीर्षकच मराठी समीक्षेत वाक्प्रचारासारखे रूढ झाले. मराठीत 'राव' हा प्रत्यय आदराचा आहे. पण येथे तो उपरोधाने आला आहे. गावाकडे एखाद्याच्या नावापुढे 'राव' लागतो तो बहुधा जमीन, पद किंवा वय पाहून. लेखकाला तो लागतो तेव्हा त्याच्या लेखनाऐवजी त्याचा सामाजिक वावर पाहिला जाऊ लागलेला असतो. सत्कार, अध्यक्षपदे, समित्या, पाठ्यपुस्तके आणि परस्परांच्या पुस्तकांना प्रस्तावना या वाटेने लेखकाचे रूपांतर प्रतिष्ठित इसमात होते.

या विवेचनाचा संबंध लेखकमंडळाशी थेट पोहोचतो. 'लेखकराव' एकट्याने होता येत नाही. त्यासाठी 'राव' म्हणणारे लागतात आणि ते बहुधा इतर लेखकच असतात. ज्या मंडळात लेखक परस्परांना वाचतात, त्याच मंडळात ते परस्परांना मोठेही करतात. दोष दाखवण्याचे कष्ट टाळून गुण सांगण्याची सोय पत्करली की काही वर्षांतच सर्व सदस्य प्रतिष्ठित होतात आणि लेखन जागीच राहते. म्हणूनच परस्पर-समीक्षेची खरी कसोटी मंडळाच्या प्रारंभीच्या उत्साहात लागत नाही. सदस्यांना यश मिळू लागल्यानंतर ती लागते.

येथे नेमाड्यांच्या समीक्षेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. 'टीकास्वयंवर' (१९९०) मधील त्यांचे निर्णय अनेकदा सरसकट आहेत. कथा हा वाङ्मयप्रकार जीवनाचा विस्तृत पट पेलू शकत नाही, ही त्यांची भूमिका बागुलांच्या कथांसमोर टिकणे कठीण आहे. लहान आवाका असूनही त्या कथा एका संपूर्ण समाजव्यवस्थेवर आघात करतात. परीक्षकाचा अधिकार इतका वाढला की त्याच्या मतभेदालाही कोणी उत्तर देईनासे झाले, तर तो परीक्षकही 'लेखकराव' होण्याच्या वाटेवर असतो. 'लेखकराव' ही संकल्पना तिच्या जनकालाही लागू करता येते, यातच तिचे बळ आहे.

४. 'बिढार' : मंडळाचे कादंबरीरूप परीक्षण

समीक्षालेखात जे निर्णयाच्या स्वरूपात येते, ते 'बिढार' (१९७५) मध्ये अनुभवाच्या स्वरूपात येते. चांगदेव पाटील हा खानदेशी तरुण मुंबईत नियतकालिक काढू पाहणाऱ्या, सतत बोलणाऱ्या, उधारीवर जगणाऱ्या मित्रांच्या टोळीत वावरतो. या मित्रांचे परस्परांवर प्रेम आहे, त्यांची भाषा तिखट आहे आणि साहित्यावरची त्यांची निष्ठा खोटी नाही. तरीही हे मंडळ टिकत नाही. नोकरी, घरचे दडपण, आजार आणि पैसा यांपुढे वाङ्मयीन कटिबद्धता हळूहळू सैल होते. चांगदेव प्राध्यापकी पत्करून लहान गावाकडे वळतो. त्याची पुढची वाटचाल 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांत येते.

'बिढार' या शब्दातच तात्पुरत्या मुक्कामाचा, पाठीवर घेऊन फिरायच्या संसाराचा अर्थ आहे. लेखकमंडळ हेही असेच बिढार असते, असे ही कादंबरी सुचवते. त्याला कायमचे घर मानले की संस्था तयार होते आणि संस्थेबरोबर पदे येतात. महत्त्वाची बाब अशी की, कादंबरीकाराने आपल्याशी जवळीक असलेल्या चांगदेवालाही या परीक्षणातून सूट दिलेली नाही. त्याचा भित्रेपणा, त्याची पळवाट काढण्याची वृत्ती आणि इतरांना जोखताना स्वतःला वेगळे ठेवण्याची सवय हे सर्व उघडे पडते. समीक्षालेखातील नेमाड्यांपेक्षा कादंबरीतील नेमाडे अधिक न्यायी वाटतात, ते यामुळेच.

'कोसला'तही याचे बीज आहे. सांगवीचा पांडुरंग पुण्याच्या महाविद्यालयात वक्तृत्व, संमेलन, चिटणीसपद अशा सार्वजनिक भूमिका करून पाहतो आणि त्या सर्वांतून नागवला जातो. मात्र मित्राशी चालणाऱ्या त्याच्या गप्पांत तो मोकळा होतो. तेथे इतिहास, संस्कृती आणि स्वतःचे दुःखही थट्टेच्या सुरात तपासले जाते. सार्वजनिक व्यासपीठावर खोटी होणारी भाषा दोघांच्या संभाषणात खरी होते, हे निरीक्षण लेखकमंडळांच्या आकाराविषयी बरेच काही सांगून जाते.

५. मंडळाच्या बाहेरचे

कोणतेही मंडळ आपल्यासारख्यांचेच असते, ही त्याची सर्वांत मोठी उणीव होय. साठोत्तरी अनियतकालिकांच्या वर्तुळात कथालेखिका क्वचितच दिसतात. 'रंग'सारखा कथासंग्रह लिहिणाऱ्या कमल देसाई यांच्या कथेला या टोळ्यांच्या गप्पांत जागा नव्हती. अशा लेखिकेला संपादकाची चिकित्सक नजरच अधिक उपयोगी पडली असणे शक्य आहे. दलित लेखकांनी तर आपले वेगळे व्यासपीठ उभारले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेले 'अस्मितादर्श' आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे यांतून नव्या लेखकाला केवळ प्रसिद्धी नव्हे, तर त्याचा अनुभव जाणणारा श्रोता मिळाला. जातीच्या अनुभवाची कथा वाचताना 'हे अतिरंजित वाटते' असे म्हणणारा परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी तो अपुरा ठरतो. परीक्षणाला कलेच्या जाणकारीबरोबर जगण्याचीही जाणकारी लागते.

६. खानदेशापुढील प्रश्न

ही जाणकारी खानदेशात भाषेच्या रूपाने समोर येते. धुळे परिसरातील अहिराणी, तापीकाठची लेवा गणबोली, तावडी आणि सातपुड्यातील आदिवासी भाषा यांतून येथील लेखकाचे संवाद घडतात. 'कोसला'पासून 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) पर्यंत नेमाड्यांच्या गद्याला या भूमीच्या बोलण्याची लय आहे. पुण्या-मुंबईचा वाचक बोलीचा गोडवा सांगू शकतो. पण एखादे वाक्य त्या पात्राच्या तोंडी शोभते की नाही, हे तो सांगू शकत नाही. ते काम शेजारच्या तालुक्यातील लेखकाचे आहे.

या प्रदेशाला मोठ्या व्यासपीठांची वाण नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जळगाव येथे १९३६ मध्ये माधव ज्यूलियन यांच्या आणि १९८४ मध्ये शंकरराव खरात यांच्या अध्यक्षतेखाली भरले. धुळे येथे १९४४ मध्ये मामा वरेरकर, तर अमळनेर येथे १९५२ मध्ये कृ. पां. कुलकर्णी आणि २०२४ मध्ये रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये अमळनेरातच विद्रोही साहित्य संमेलनही झाले. ही संमेलने वाचक जमवतात, पुस्तके विकतात आणि भूमिका मांडतात. परंतु अपुऱ्या हस्तलिखिताचे परीक्षण मांडवात होऊ शकत नाही. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या 'कविता-रती'ने कवितेसाठी चिकित्सक वाचनाची परंपरा निर्माण केली. एका माणसाची चिकाटी आणि टपालखात्याची साथ यांवर जिल्ह्याच्या गावातून महाराष्ट्रभरच्या कवींचे मंडळ उभे राहू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. कथा-कादंबरीचा मजकूर दीर्घ असतो आणि तो वाचावयास अधिक वेळ लागतो. म्हणून कथात्म साहित्यासाठी तशीच व्यवस्था उभारणे अधिक कष्टाचे, परंतु तितकेच निकडीचे आहे. महाविद्यालयांचे मराठी विभाग आणि जिल्हा वाचनालये यांनी पुस्तक प्रकाशनाच्या समारंभांइतकेच लक्ष प्रकाशनपूर्व वाचनाकडे दिले, तर ही उणीव भरून निघू शकेल.

निष्कर्ष

१. कथात्म साहित्यिकांच्या परस्पर-समीक्षेला समानत्वाची अट आहे. स्वीकार-नकाराचा अधिकार एकाच हाती असेल, तेथे मार्गदर्शन मिळते. परस्पर-समीक्षा घडत नाही.

२. आधार आणि परीक्षण यांपैकी केवळ आधार उरला की मंडळ 'लेखकराव' घडवू लागते; केवळ परीक्षण उरले की ते विखुरते.

३. 'बिढार'मध्ये दिसते त्याप्रमाणे मंडळाचे तात्पुरतेपण हा त्याचा दोष नसून त्याला संस्था होण्यापासून वाचवणारा गुण आहे.

४. प्रत्येक मंडळाने आपल्याबाहेर कोण राहिले, हा प्रश्न सतत विचारला पाहिजे. साठोत्तरी चळवळीने तो पुरेसा विचारला नाही.

५. खानदेशातील नव्या कथाकाराला सत्कारापेक्षा त्याची बोली जाणणाऱ्या आणि नकार देण्यास न कचरणाऱ्या समकालीन वाचकाची गरज अधिक आहे. पांडुरंग सांगवीकर आणि चांगदेव पाटील यांना आपले मित्रमंडळ शोधण्यासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईस जावे लागले. पुढच्या लेखकाला तसे जावे लागू नये, ही जबाबदारी येथील लेखकांचीच आहे.