पिनोकियो कुणाच्या हाती द्यावा?

2022च्या सप्टेंबरमध्ये डिस्नेने आपल्या ओटीटीवर नवा ‘पिनोकियो’ आणला. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, लाकडी बाहुला पिनोकियो कोरणाऱ्या जेपेटोच्या भूमिकेत टॉम हँक्स. तीन महिन्यांनी, डिसेंबरात, नेटफ्लिक्सवर गिलेर्मो डेल तोरोचा ‘पिनोकियो’ आला. पुस्तक एक, वर्ष एक, आणि दोघांच्याही मागे पैशाला कमी नसलेली कंपनी. पहिल्या चित्रपटाला सर्वांत वाईट रीमेकचा ‘रॅझी’ मिळाला, दुसऱ्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर. पुरस्कार क्षणभर विसरले, तरी दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला त्यांच्यातली दरी जाणवतेच. मुलांच्या अभिजात पुस्तकावर पुन्हा चित्रपट करायचा तर तो कोणाकडे सोपवावा, हा प्रश्न तपासायला इतकी स्वच्छ तुलना क्वचित मिळते.

मूळ पुस्तक काय आहे ते आधी पाहावं लागेल. कार्लो कोलोदीने ही गोष्ट 1881मध्ये इटलीतल्या मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः लिहायला घेतली. पंधराव्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर पिनोकियोला ओकच्या झाडाला फासावर लटकवतात, आणि कोलोदीने गोष्ट तिथेच संपवली होती. वाचकांचा आग्रह झाला, संपादकांनी गळ घातली, म्हणून ती पुढे सरकली आणि 1883मध्ये पुस्तक निघालं. चार शहाणपणाचे शब्द सांगायला आलेल्या बोलक्या रातकिड्याला या पुस्तकातला पिनोकियो हातोडा फेकून ठार करतो. भूक, थंडी, दारिद्र्य आणि मरण हे सगळं या कथेत उघडंवाघडं आहे. 1940च्या डिस्नेपटाने त्याच रातकिड्याला टोपी-छत्री देऊन सोबती केलं आणि कथेला गोडवा आणला. तो चित्रपट हस्तरेखित ॲनिमेशनचं शिखर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

झेमेकिसने रीमेक केला तो या 1940च्या चित्रपटाचा. त्याच्या जेपेटोच्या दुकानातली घड्याळं बघा. त्यांच्यावर डिस्नेच्याच इतर चित्रपटांतली पात्रं बसवली आहेत. चौकटीत मूल आहे, पण चित्रपटाची नजर सतत कंपनीच्या कपाटाकडे वळते. जुन्या चित्रपटात बिघडलेली मुलं बिअर ढोसतात, सिगार ओढतात. नव्यात बिअरच्या जागी निरुपद्रवी गोड पेय आलं. ज्या बेटावर मुलांची गाढवं होतात, तिथला धोकाच पातळ केला तर सुटकेला काय अर्थ उरतो? झेमेकिस हलक्या हाताचा दिग्दर्शक नाही. माणूस आणि कार्टून यांना एका चौकटीत विश्वासार्हपणे उभं करण्याची किमया त्याने ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये 1988मध्येच करून दाखवली होती. त्याची निवड बहुधा याच कौशल्यामुळे झाली असावी, आणि माझ्या मते घोटाळा नेमका तिथेच आहे. लाकडी मुलगा पडद्यावर कसा हलवायचा, हे त्याला ठाऊक होतं. त्या मुलाची गोष्ट आज पुन्हा का सांगायची, याचं उत्तर त्याच्या चित्रपटात कुठेही सापडत नाही.

डेल तोरोकडे ते उत्तर होतं, आणि ते त्याच्या जुन्या कामात आधीच दिसत होतं. ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ (2001) स्पेनच्या यादवी युद्धातल्या अनाथाश्रमात घडतो, ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (2006) त्याच युद्धानंतरच्या फ्रँकोच्या राजवटीत. दोन्हीकडे मूल हुकूमशाहीच्या सावलीत एकटं आहे आणि अद्भुताशी बोलत आहे. त्यामुळे पिनोकियोला मुसोलिनीच्या इटलीत नेणं ही त्याची क्लृप्ती वाटत नाही, तो विषय त्याच्याकडे चालत आला होता. त्याचा जेपेटो मुलाला गमावलेला बाप आहे, आणि बाहुला दारूच्या नशेत, संतापाने कोरलेला आहे. मौजेच्या बेटाऐवजी मुलांना सैनिक बनवणारी फॅसिस्ट छावणी येते. हा पिनोकियो पुन्हा पुन्हा मरतो आणि दर वेळी मृत्यूशी त्याचं बोलणं होतं. कोलोदीच्या कथानकापासून हा चित्रपट दूर जातो, तरी त्याच्या स्वभावाला तो इतर कोणत्याही प्रसिद्ध आवृत्तीपेक्षा जवळ आहे. आज्ञाधारक मूल म्हणजेच चांगलं मूल का, हा पुस्तकात दबलेला प्रश्न तो वर काढतो. मूळ पुस्तकाशी भांडायची हिंमत डेल तोरोत आहे आणि भांडण्याइतकं त्याने ते वाचलेलं आहे. या कामासाठी अनेक वर्षं त्याला कुणी पैसा देत नव्हतं, हेही विसरू नये.

केवळ प्रेम पुरेसं नसतं, हे रोबेर्तो बेनिनीने दाखवून दिलं. ‘लाइफ इज ब्यूटिफुल’च्या यशानंतर, 2002मध्ये, त्याने इटलीतला तोवरचा सर्वांत खर्चिक चित्रपट म्हणून ‘पिनोकियो’ काढला आणि पन्नाशीला टेकलेला असताना तो लाकडी पोरगा स्वतःच झाला. पुस्तकावर त्याची निष्ठा होती, पण चौकटीत मूलच नव्हतं. पुढे 2019मध्ये मात्तेओ गार्रोनेने त्याच बेनिनीला जेपेटो केलं, पिनोकियोच्या भूमिकेत खरा लहान मुलगा घेतला, आणि तो चित्रपट जमला. गार्रोने म्हणजे नेपल्सच्या गुन्हेगारी जगावर ‘गोमोरा’ करणारा माणूस. बालचित्रपटाच्या यादीत त्याचं नाव कुणी घातलं नसतं. पण उपासमार पडद्यावर दाखवणं त्याला येत होतं, आणि हे पुस्तक उपासमारीचं आहे.

आता मोठ्या स्टुडिओंकडे वळू. 2010च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ने शंभर कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि डिस्नेने जुन्या ॲनिमेशनपटांचे सजीव रीमेक काढण्याचा सपाटा लावला. यात निवडीची पद्धत बहुतेक वेळा एकच दिसते: दिग्दर्शकाची ‘शैली’ पाहायची, किंवा अवाढव्य तंत्रकाम त्याला पेलतं का ते पाहायचं. ‘डम्बो’ टिम बर्टनला देणं कागदावर अचूक होतं. जगाने हिणवलेले विचित्र जीव हाच त्याचा आयुष्यभराचा विषय. पण 1941चा ‘डम्बो’ जेमतेम 64 मिनिटांचा, त्यातलं हत्तीचं पिल्लू एक शब्द बोलत नाही, आणि आईच्या सोंडेत झुलणाऱ्या त्या पिल्लाचं दृश्य सगळा चित्रपट पेलतं. 2019च्या आवृत्तीत हीच गोष्ट जवळजवळ दोन तासांची झाली, माणसांची गर्दी आली आणि पिल्लू मागे सरलं. जॉन फॅवरोच्या ‘द लायन किंग’ची (2019) गोष्ट वेगळी. हुबेहूब खऱ्या सिंहांसारखे सिंह, दीडशे कोटी डॉलरहून जास्त धंदा. मात्र बाप मेल्यावर छाव्याच्या चेहऱ्यावर दुःख उमटत नाही, कारण खऱ्या सिंहाचा चेहरा तसा हलत नाही. तंत्राने एक बंधन स्वीकारलं आणि त्याची किंमत गोष्टीने मोजली. ‘मूनलाइट’सारखा कोवळा, हळवा चित्रपट करणारा बॅरी जेंकिन्स 2024मध्ये त्याच मालिकेतल्या ‘मुफासा’साठी आला, तेव्हा त्यालाही याच हुबेहूबपणाच्या चौकटीत काम करावं लागलं.

डेव्हिड लोवरीचं उदाहरण मला विशेष बोलकं वाटतं. 2016मध्ये त्याने ‘पीट्स ड्रॅगन’ केला. 1977चा मूळ चित्रपट फारसा कुणाच्या काळजातला नव्हता, त्यामुळे लोवरीला मोकळीक मिळाली. त्याने जंगल, एकटा मुलगा आणि केसाळ ड्रॅगन एवढंच ठेवलं, बाकीचं सोडून दिलं. डिस्नेच्या या रांगेतला हा मला सर्वांत आवडता चित्रपट. त्याच लोवरीने 2023मध्ये ‘पीटर पॅन अँड वेंडी’ केला आणि तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. माणूस तोच, पण या वेळी समोर प्रत्येकाने पाहिलेला जुना चित्रपट होता आणि त्यातला प्रत्येक ओळखीचा प्रसंग द्यायचा होता.

उलट बाजूला आग्नियेश्का हॉलंड आहे. नाझींच्या काळात ओळख लपवून जगलेल्या ज्यू मुलाची गोष्ट ‘युरोपा युरोपा’मध्ये सांगणाऱ्या या पोलिश दिग्दर्शिकेला 1993मध्ये ‘द सीक्रेट गार्डन’ दिला गेला. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटची मेरी भारतात वाढलेली, आयांच्या हाती सोपवलेली, कुणालाच नको असलेली मुलगी आहे. हॉलंडने तिला गोड केलं नाही. ती हट्टी आहे, आतून रागावलेली आहे आणि अर्ध्याअधिक चित्रपटभर तशीच राहते. म्हणून बाग फुलते तेव्हा ते पटतं. त्याच लेखिकेच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’वर 1995मध्ये अल्फोन्सो कुआरोनने चित्रपट केला. तोवर त्याच्या नावावर मेक्सिकोतला एक प्रौढांचा विनोदी चित्रपट होता. पुढे हॅरी पॉटरचा तिसरा भाग त्याच्याकडे आला तेव्हा त्याने ती पुस्तकं वाचलेलीही नव्हती, डेल तोरोनेच त्याला दटावून वाचायला लावलं. कामाला लागल्यावर त्याने तिन्ही मुख्य कलाकार मुलांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितले. या मुलांना आपल्या पात्राविषयी स्वतःचं मत असेल, हे त्याने गृहीत धरलं होतं. त्या मालिकेतला तोच भाग मला सर्वांत जिवंत वाटतो.

मराठीत हा प्रश्न 2023मध्ये आपल्या दारात आला. साने गुरुजींनी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ‘श्यामची आई’, त्यावरचा 1953चा आचार्य अत्र्यांचा चित्रपट, वनमालाबाईंची आई, माधव वझे यांचा श्याम, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक. अत्रे नाटककार आणि वक्ते होतेच, पण त्याआधी ते शिक्षक होते. ‘नवयुग वाचनमाला’ त्यांनी काढली होती; कोणत्या वाक्याला वर्गातलं पोर मान वर करतं, हे त्यांना कळत होतं. त्या चित्रपटातल्या भावनेचा ओघ आज कुणाला जास्त वाटेल, पण श्यामचा हूडपणा त्यात शाबूत आहे.

नव्या चित्रपटासाठी सुजय डहाके यांची निवड, माझ्या मते, योग्य होती. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’वर त्यांनी केलेला चित्रपट आणीबाणीच्या काळाला मुलांच्या डोळ्यांनी पाहतो. त्यांनी ‘श्यामची आई’ कृष्णधवल ठेवला आणि ओम भूतकर यांच्या रूपाने मोठे साने गुरुजी पडद्यावर आणले. कृष्णधवल रंगांमुळे संयम आला, पण अत्र्यांशी तुलनाही ओढवली. आणि मोठ्या गुरुजींच्या चौकटीत छोटा श्याम कधी कधी एका थोर चरित्राचं पहिलं प्रकरण होऊन बसतो. पुस्तकात तसं नाही. तिथे एकेका रात्री एकेक आठवण येते, आणि त्या आठवणीपुरता श्याम फक्त आईला छळणारा, आईला बिलगणारा मुलगा असतो. एवढी तक्रार असूनही, त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला याचा मला आनंद आहे.

‘फास्टर फेणे’बद्दल मात्र मी इतका समाधानी नाही. 2017मध्ये आदित्य सरपोतदार यांनी चुरचुरीत थरारपट दिला, अमेय वाघ यांनी बनेश फेणे झोकात उभा केला, आणि दिलीप प्रभावळकरांना भा. रा. भागवतांच्या रूपात पाहणं सुखाचं होतं. पण भागवतांचा फुरसुंगीचा फाफे हा सायकलवर फिरणारा शाळकरी पोरगा. त्याची धडपड मोठी वाटते ती तो लहान आहे म्हणून. पडद्यावर तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यामागे लागलेला तरुण झाला. दिग्दर्शनात खोट नव्हती. चित्रपट ज्या दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी व्हायला हवा होता, ती मुलं या आखणीत कुठेच नव्हती.

याची रुखरुख जास्त वाटते, कारण मुलाच्या उंचीवरून जग पाहणारे दिग्दर्शक मराठीत आज जितके आहेत तितके भारतातल्या फार थोड्या भाषांत असतील. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला 2014मध्ये बर्लिनच्या महोत्सवात ‘क्रिस्टल बेअर’ मिळालं, आणि ते देणारे परीक्षक मुलंच होती. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ आणि परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. ही माणसं स्वतंत्र कथा करतात आणि जुनी पुस्तकं वेगळ्याच टेबलावर, वेगळ्याच हिशोबाने वाटली जातात.

म्हणून ज्या निर्मात्यांकडे भागवतांचे किंवा इतर कुणा बालसाहित्यिकाचे हक्क असतील, त्यांना एक विनंती. दिग्दर्शकाचा शेवटचा हिट आणि त्याचा आवडता कॅमेरा बाजूला ठेवा. त्याने आजवर केलेल्या कामातून मूल एकटं असलेलं एक दृश्य मागून घ्या आणि आवाज बंद करून पाहा. मग पुस्तकातलं त्याला काय पटत नाही, ते विचारा. उत्तर आलं नाही तर त्याने पुस्तक वाचलेलं नाही असं समजा आणि दुसऱ्याकडे जा. आणि पुढचा फास्टर फेणे बारा वर्षांचाच असू द्या.