शोकेसच्या पलीकडची माती

चिपळूणजवळच्या पोफळीत मातीचं शिल्प घरात आणायचं तर आधी भिंत आणि फळी तपासावी लागते. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस भिंतीतून आत येतो, आणि कोयनेच्या बाजूने अधूनमधून हादरा बसतोच. 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा भूकंप इथल्या जुन्या माणसांना तारखेसकट पाठ आहे. अशा ठिकाणी चिनीमातीचा संग्रह करणं म्हणजे हातचं घालवणं, असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात बाराशे अंशांच्या वर भाजलेलं स्टोनवेअर पाणी जवळजवळ पीतच नाही. 22 जुलै 2021ला चिपळुणात पूर शिरला, तेव्हा कागदाचा लगदा झाला. नीट भाजलेली, झिलई दिलेली वस्तू मात्र फुटली नाही तर चिखलातून काढून, धुऊन पुन्हा मांडता येते. कुंभारी भट्टीतल्या टेराकोटाचं तसं नाही. तो ओल शोषतो, आतले क्षार पांढरे होऊन वर फुटतात, पुढे शेवाळ धरतं. तो भिंतीपासून चार बोटं लांबच बरा. हादऱ्याचं म्हणाल, तर उंच भांड्याच्या पोटात वाळूची पुरचुंडी, तळाखाली मेणाचे ठिपके आणि फळीला पुढून इंचभर पट्टी, एवढं करावं.

हवामानाची तोड निघते, सवयीची निघत नाही. मातीच्या कारागिराशी नातं ठेवणं कोकणी माणसाला नवं नाही. गणपतीसाठी पाट घेऊन तो वर्षानुवर्षं त्याच चित्रशाळेत जातो, मूर्तिकाराचा हात ओळखतो, यंदा डोळे उतरले नाहीत हे त्याला तोंडावर सांगतो. मुंबईच्या गॅलऱ्यांनी हेवा करावा असं हे गिऱ्हाईक! पण ती माती पाण्याला द्यायची असते. घरात राहणारी माती म्हणजे लोणच्याची बरणी आणि शोकेसमधलं हरीण. निव्वळ पाहण्यासाठी, बोटं फिरवण्यासाठी, एका माणसाचं काम म्हणून भांडं विकत घ्यावं, हे आपल्या खर्चाच्या यादीत बसत नाही. चित्र बसतं, निदान बसवलं तरी जातं.

खरं तर मुंबईला हे फार लवकर सुचलं होतं. 1857मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी 1870च्या दशकात मृत्तिकाकामाला उठाव दिला. सिंधकडच्या झिलईची धाटणी तिथे आली, आणि तिथलेच शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली विद्यार्थी अजिंठ्याच्या प्रतिकृती करत होते, त्यातली नक्षी सुरया-फुलदाण्यांवर उतरली. ही भांडी विलायतेला गेली. काही आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात दिसतात. मला ती फार आवडत नाहीत. चित्र भांड्यावर चढवलेलं वाटतं, भांड्यातून आलेलं नाही. तरी कुणीतरी ती जपली, म्हणून आज नावडती म्हणता येतात. पुढच्या शंभर वर्षांतल्या कामाबद्दल तेवढंही म्हणायची सोय थोडी, कारण संग्रहालयांची ओढ पुरातन मूर्तीकडे आणि चित्राकडे राहिली.

घडवणारे कमी नव्हते. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी भद्रावतीत ग्रामोदय संघ उभा केला, तो गांधीविचारातून, कुंभाराला नवी भट्टी आणि नवी झिलई मिळावी म्हणून. बिहारमधून आलेले ब्रह्मदेव राम पंडित भाईंदरला चाकावर बसले आणि 2013मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचले. पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीने (1971) देशभर शिष्य पसरवले. अलिबागला काम करणाऱ्या अंजनी खन्ना ज्या भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिकीच्या संस्थापकांपैकी आहेत, ती 2018ला जयपूरला आणि 2024ला दिल्लीला भरली. तिथे माती भांड्यातून बाहेर पडली, खोल्या व्यापू लागली. हे मोकळेपण हवंच होतं. पण प्रदर्शन संपल्यावर त्यातलं किती कुणाच्या घरी राहू शकतं? दुसऱ्या टोकाला उपाहारगृहांच्या ताटल्यांवर पोट भरणारे स्टुडिओ आहेत. या दोहोंमध्ये हातात मावणारं, तरीही शिल्प असणारं जे काम आहे, संग्राहकाची खरी गरज त्याला आहे.

बाजाराचं गणितही उफराटं. शिल्पकार हिंमत शाह यांनी घडवलेली मस्तकं टेराकोटात आहेत, ब्रॉन्झमध्येही आहेत. ओतकामाला किंमत जास्त, आणि अंगठ्याचा थेट दाब मातीत. मला मातीचंच डोकं हवं. फुटेल या भीतीने किंमत पाडणाऱ्याने मोहेंजोदडोची खापरं आठवावीत.

भांडं घेताना आधी ते उलटं करावं. झिलई तळाच्या वर थोडी थांबलेली असते, नाहीतर भट्टीतल्या फळीला ती चिकटली असती. त्या उघड्या कडेवर मातीचा मूळ रंग दिसतो, शिक्का किंवा सही असते, आणि कडं कसं तासलंय यावरून हात कळतो. पुष्कळ कुंभार समोरून देखणं भांडं करतात आणि तळाशी कंटाळतात. जपानात भांड्यासोबत कुंभाराच्या अक्षरातली लाकडी पेटी येते, तिला तोमोबाको म्हणतात. पेटी हरवली की भांड्याचा भाव उतरतो. आपल्याकडे निदान नाव, साल, माती आणि भाजणीचं तापमान एका कागदावर मागून घ्यावं. दहा जणांचं एकेक घेण्यापेक्षा एकाच हाताची दहा वर्षांतली पाच भांडी घ्यावीत, त्यातलं एखादं फसलेलंही. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवले, ते असंच एकेका प्रकाराच्या मागे लागून.

पोफळीहून चिपळूण ओलांडून सावर्ड्याला गेलं की सह्याद्री कला महाविद्यालय लागतं, आणखी पुढे देवरूखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय. मुंबईबाहेर, लाल मातीच्या मुलखात कलेची घरं उभी राहू शकतात, याचे हे पुरावे. अशा घरांनी दरवर्षी एका तरुण हाताचं एक मृत्तिकाशिल्प रीतसर पैसे मोजून घ्यावं. भेट म्हणून मागू नये. सोबत भाजणीचा कागद ठेवावा, आणि महिन्यातून एकदा कपाटाचं कुलूप काढून ते भांडं मुलांच्या हातात उलटं द्यावं.