रंग कुणाला लावता? : 'नो शुगर' आणि शाळेतलं नाटक

सातवीत होतो. स्नेहसंमेलनात बाईंनी 'आदिवासी नृत्य' बसवलं. कमरेला आंब्याची पानं, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि गाणं काय, तर झिंगालाला. वरच्या आळीतल्या पोरांच्या तोंडाला कोळसा उगाळून फासला. आम्हा वस्तीतल्या चौघांना पहिल्या रांगेत उभं केलं. बाई म्हणाल्या, यांना रंग लावायची गरज नाही. सगळे हसले. मीपण हसलो. ते हसणं अजून घशात अडकलंय.

त्याच वेळी शाळेच्या मागं वीटभट्टीवर कातकऱ्यांची पोरं विटा थापत होती. तुमची गोष्ट काय, तुमचं रान कुणी घेतलं, असं त्यांना कुणी विचारलं नाही. पानं आमच्या कमरेला आणि माती त्यांच्या हातात.

दोस्तांनो, हे आठवायचं कारण जॅक डेव्हिसचं 'नो शुगर'. रात्रपाळी सुटल्यावर मांडीवर डिक्शनरी घेऊन दोन महिने हे नाटक वाचलं. डेव्हिस (१९१७–२०००) हा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नूंगार लोकांचा कवी आणि नाटककार. हे नाटक १९८५ साली पर्थला पहिल्यांदा झालं. आता ते तिकडच्या वरच्या वर्गांत अभ्यासाला असतं. म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांची पोरं आणि ज्यांनी घेतली त्यांची पोरं एकाच बाकावर बसून हे नाटक वाचतात, करतात. तिथं जमिनीचं काय होतं, हे मला बघायचं होतं.

नाटकाची सुरुवात १९२९ ची. नॉर्थम गावाबाहेर गव्हर्नमेंट वेल नावाची वस्ती आहे. गावाबाहेर! हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. मिलिमुरा-मंडे कुटुंब तिथं राहतं. चहा होतोय, पोरं क्रिकेट खेळतायत आणि थोरला जो पेपर वाचतोय. पेपरात गोऱ्यांच्या वसाहतीला शंभर वर्षं झाल्याचा सोहळा आहे. मंदीचे दिवस. सरकार पीठ, साखर, चहा मोजून देतं. मग शिध्यातून साबण कापला जातो. पुढं १९३३ साली सगळ्या वस्तीला उचलून मूर रिव्हरच्या सरकारी छावणीत नेतात. कारण काय, तर खरूज. तिथं डॉक्टरी तपासणीत खरूज निघते मूठभरांना. जिमी मंडे सरळ बोलतो : निवडणूक आलीय, गावाला आम्ही नजरेसमोर नकोत. जिमीसारखा माणूस प्रत्येक गिरणीत एक असतो आणि बदली-हजेरीत पहिल्यांदा नाव त्याचंच कापतात.

डेव्हिस स्वतः पोरवयात मूर रिव्हरला राहिलेला. म्हणून छावणी दाखवताना तो रडत बसत नाही. माणसं दारू पितात, भांडतात, शिव्या देतात, विनोद करतात. संवादात नूंगार शब्द येतात आणि नाटक त्यासाठी थांबत नाही. समजलं नाही तर मागं शब्दार्थ बघ! आपल्या बोलीला कंसात अर्थ लिहून लाजवणाऱ्या संपादकांनी हे बघावं.

एक कबूल करतो. पहिल्या वाचनात मला चीफ प्रोटेक्टर नेव्हिलच्या ऑफिसातले प्रवेश कंटाळवाणे वाटले. पत्रं, हिशेब, खर्चात कपात, टाइप करणारी बाई. पानं उलटली. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की नाटकाचं हाड तिथं आहे. जमीन बंदुकीनं जाते तशी जावक क्रमांकानंही जाते.

आणि शाळा चुकायची शक्यता इथंच आहे. नाटकात रात्रीचा एक प्रवेश आहे. पुरुष अंगाला माती लावून नाचतात आणि बिली किंबर्ली आपल्या मुलखातल्या ओम्बुलगुरीच्या कत्तलीची गोष्ट सांगतो. हा बिली कोण? छावणीच्या साहेबाचा ट्रॅकर, पळालेल्यांना पकडून आणणारा. चाबूक हातात असलेल्या आपल्यातल्याच माणसाच्या पोटात ती गोष्ट असते. कुठल्याही मास्तराला पहिल्यांदा हाच प्रवेश करावासा वाटणार, कारण त्यात नाच आहे, रंग आहे, आईबाप टाळ्या वाजवतात. पण तो नाच कुणाला दाखवायला नाही. साहेब झोपल्यावरचा तो नाच आहे. गोऱ्या पोराच्या अंगाला तीच माती फासली की आमच्या बाईंचं स्नेहसंमेलन झालं.

मी मास्तर असतो तर गोऱ्या पोराला नेव्हिल करायला लावला असता. बस खुर्चीत, कर सही. साबण कापल्याचं पत्र मोठ्यानं वाच आणि समोर बसलेल्या नूंगार पोरीकडे बघून वाच. तिला मात्र गोष्ट सांगायची सक्ती नको. तिच्या घरची म्हातारी माणसं सांगू देतील तेवढंच ती सांगेल. काही मित्र म्हणतात, हे लहान पोरांना अपराधी करणं झालं. मला तसं वाटत नाही. सही करताना हात कसा सहज चालतो, एवढंच त्याला कळावं.

लहान वर्गांचं तर आणखी सोपं करून टाकतात. टिडालिक बेडकाची गोष्ट तिकडं फार चालते. बेडूक सगळं पाणी पिऊन बसतो, प्राणी त्याला हसवतात, पाणी परत वाहतं. पोरं उड्या मारतात, तात्पर्य निघतं : हावरटपणा वाईट. ही गोष्ट गिप्सलँडमधल्या गुनाईकुर्नाई लोकांची, हे कित्येकदा कुठंच येत नाही. मग नदी कुणाची, हे कोण विचारणार? पाणी अडवून बसलेला बेडूक महाडच्या लोकांना बरोब्बर ओळखता आला होता, १९२७ ला.

गोष्टीतून जमीन कशी गायब होते, याचा दुसरा नमुना देशाच्या उत्तरेकडचा. २३ ऑगस्ट १९६६ ला वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यावरून व्हिन्सेंट लिंगियारी गुरिंदजी कामगारांना घेऊन चालत निघाला. मालक वेस्टी, लंडनचे. संप मजुरीचा, असं सगळ्यांना वाटलं. ते वॉटी क्रीकला जाऊन बसले आणि म्हणाले, ही जमीन आमची. नऊ वर्षं गेली. १६ ऑगस्ट १९७५ ला पंतप्रधान व्हिटलमनं लिंगियारीच्या हातात माती ओतली. मर्विन बिशप या आदिवासी फोटोग्राफरनं काढलेला तो फोटो जगभर गेला. गंमत अशी, की विधी सावलीत झाला होता. फोटोसाठी बिशपनं त्यांना उन्हात आणून माती पुन्हा ओतायला लावली. म्हणजे फोटोच नाटक आहे! वर्गात तो उभा करणं सोपं, दोन पोरं आणि मूठभर माती. पण त्यात वरचा हात देणारा दिसतो आणि खालचा घेणारा. चालणं त्यात नाही. नऊ वर्षांची भूक त्यात नाही. तेव्हा मिळाला होता भाडेपट्टा. कायमची मालकी १९८६ ला. मी हा पाठ घेतला तर माती शेवटी आणीन आणि आधी पोरांना शाळेभोवती उन्हात चालवीन.

'नो शुगर'चा पहिला प्रयोगही असाच होता. प्रेक्षकाला एका खुर्चीत बसू दिलं नाही, प्रवेशामागं चालायला लावलं.

एका जागी मात्र मी डेव्हिसपाशी अडखळतो. शेवटी जो आणि मेरी तान्हं पोर घेऊन छावणी सोडतात. नॉर्थमला जाणार नाही असं साहेब लिहून घेतो आणि हे चालू लागतात त्याच दिशेला. म्हातारी ग्रॅन आपल्या भाषेत गाते. वाचताना डोळे भरले. पण माझा बाप गाव सोडताना मागं वळून बघत नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब खेड्याविषयी काय बोलले ते आपल्याला पाठ आहे. आपल्याला जमीन आई म्हणून मिळाली नाही, वतन म्हणून मिळाली, राबणुकीच्या बदल्यात. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं हजारो माणसं तुरुंगात गेली ती जमिनीसाठीच, पण त्यांना आईच्या कुशीत परतायचं नव्हतं, सातबाऱ्यावर नाव हवं होतं. तेव्हा नूंगारांची ओढ जशीच्या तशी उचलून आपल्या पोरांच्या तोंडी घालाल तर तेही रंग फासणंच होईल. आणि ही ओढ खोटी म्हणून हसाल, तर आपण आमच्या बाईंच्या बाजूला जाऊन उभे राहिलो.

पुढच्या महिन्यापासून विहारात रविवारी वस्तीतली पोरं बसवतोय. नाटक आमचंच : आजोबांच्या नावची दोन एकर कशी गेली. भट्टीवरची तीन कातकरी पोरंही येतो म्हणालीत. त्यांची गोष्ट ती ठरवतील. तलाठी कुणी व्हायचं यावर मात्र भांडण चालू आहे. कुणीच तयार नाही.