क्लचचा माज

गोंदिया जिल्ह्यात स्पोर्ट्स कार म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी वस्तू. रस्त्यावर दिसतात ते धानाचे ट्रक, ट्रॅक्टर, बोलेरो, स्विफ्ट आणि फार तर कुणी जिवापाड जपलेली एखादी पोलो जीटी. तरी कुठल्याही पानठेल्यावर चार पोरं जमली की मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा वाद पेटतोच. नीट ऐकलं तर त्यातली निम्मी वाक्यं कुठल्यातरी रिव्ह्यूमधून उचललेली असतात.

मी हे रिव्ह्यू बरीच वर्षं वाचतो आणि बघतो. कवितेवरचा लेख वाचावा तितक्याच लक्षपूर्वक. आपल्या वयाची बहुतेक मंडळी समीक्षा म्हणून रोज काही बघत असतील, तर ती हीच. कादंबरीवरचा लेख फसला तर वाचकाचे चारशे रुपये जातात. इथे सात वर्षांचा हप्ता बसतो. म्हणून या समीक्षेची समीक्षा कुणीतरी करायला हवी.

सुरुवात त्या ठरलेल्या वाक्यापासून करू: ‘खऱ्या ड्रायव्हरला मॅन्युअलच लागते.’ गाडी कुठलीही असो, शेवटच्या दोन मिनिटांत हे वाक्य येतं. सोबत हात गिअरच्या दांड्यावर, डोळ्यांवर गॉगल, मागे गिटार. यातला ‘खरा’ हा शब्द तपासून बघा. शर्यतीतला ड्रायव्हर म्हणायचा असेल, तर फेरारीने १९८९ साली फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत तिच्यावर जिंकली. काही वर्षांत सगळ्यांनी तोच रस्ता धरला. म्हणजे ज्यांचं पोट वेगावर चालतं, त्यांनी डाव्या पायाचा क्लच आपल्यापैकी अनेकांच्या जन्माआधीच सोडला.

मग मॅन्युअलच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते पोर्शेच्या ग्राहकांनी फार प्रामाणिकपणे दाखवलं. २०१३ ची ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक आली. चाहते नाराज झाले. २०१७ मध्ये कंपनीने मॅन्युअलचा पर्याय परत दिला. कंपनीच्याच आकड्यांनुसार शून्य ते शंभरला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद लागतात आणि मॅन्युअलला ३.९. अर्धा सेकंद हळू, हे माहीत असूनही लोकांनी मॅन्युअल घेतली. ‘ही हळू आहे, पण मला हिच्यात जास्त मजा येते’ ही भूमिका मला पूर्ण पटते. ती आवडीची गोष्ट आहे, जशी हार्मोनियम वाजवणाऱ्याला कीबोर्ड नको असतो. आपले रिव्ह्यूवाले मात्र आवडीला आवड म्हणत नाहीत. ते तिला कौशल्य म्हणतात, आणि तिथून पुढे मर्दानगी.

आपल्या महाराष्ट्रातच याचं नमुनेदार उदाहरण घडलं. चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली फोक्सवॅगनने एकाच नावाच्या दोन गाड्या काढल्या: पोलो जीटी टीएसआय आणि पोलो जीटी टीडीआय. ताकद दोन्हींची १०५ पीएस. पहिली १.२ लिटर पेट्रोल, सात गिअरची ऑटोमॅटिक. दुसरी १.६ लिटर डिझेल, पाच गिअरची मॅन्युअल. यावर अक्षरशः पोथ्या लिहिल्या गेल्या. टीएसआय हुशार पण थंड, टीडीआय रांगडी आणि जिवंत, असं एक मत हळूहळू पक्कं झालं. आजही जुन्या टीडीआयबद्दल पोरं याच सुरात बोलतात.

पण टॉर्क बघा: टीएसआयचा १७५ न्यूटन मीटर, टीडीआयचा २५०. टर्बो जागा झाला की पाठीत जो धक्का बसतो तो डिझेल इंजिनाचा आहे. श्रेय मिळालं गिअरच्या दांड्याला. दोन गोष्टी एकदम बदलायच्या आणि फरकाचं कारण आपल्या लाडक्या गोष्टीला चिकटवायचं, ही चूक दहावीच्या प्रयोगवहीतसुद्धा चालत नाही. खरी तुलना शक्य झाली २०२० मध्ये, एकच १.० लिटर, ११० पीएसचं इंजिन दोन्ही गिअरबॉक्सवर आलं तेव्हा. तोवर मतं गोठली होती, आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. त्याच वर्षी आलेल्या व्हर्टसची १.५ लिटरची जीटी आधी फक्त ऑटोमॅटिक होती, मॅन्युअल पुढच्या वर्षी आली. वाद पुन्हा त्याच जागी, त्याच वाक्यांत.

टीएसआयच्या बाजूनेही मी डोळे मिटून बोलणार नाही. तिच्यातल्या डीएसजी गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार बसलेला असतो, म्हणून बदल जाणवतसुद्धा नाही. पण हे क्लच तेलात बुडालेले नाहीत, कोरडे आहेत. गाडी इंच इंच सरकत राहिली की ते तापतात. २०१३ मध्येच, डीएसजीच्या तक्रारींवरून फोक्सवॅगनला चीनमध्ये साडेतीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. रिव्ह्यूसाठी गाडी मिळते दोन दिवस, तीही मोकळ्या रस्त्यावर. रेल्वे फाटक उघडल्यावर दोन्ही बाजूंची गर्दी एकमेकांत घुसते, तेव्हा या गाडीचं काय होतं, हे तिथे कळत नाही.

आता आमचा रस्ता. गोंदियाहून गोरेगाव, मुरदोलीच्या जंगलातून कोहमारा, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग. जंगलाच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर चितळ कधी आडवं येईल नेम नाही. दोन पदरी रस्त्यावर पुढे धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक चाळिशीने चाललेला, समोरून येणाऱ्याचे दिवे दूर दिसतात, आणि तुम्हाला ठरवायचं असतं: आत्ता की नंतर. गिअरबॉक्सचा खरा निकाल इथे लागतो. मॅन्युअलमध्ये तुम्ही आधीच तिसरा टाकून बसता. गाडी काय देणार हे पायाला माहीत असतं. चांगल्या ऑटोमॅटिकमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर विचार चालतो. डीएसजीने सातवा तयार ठेवलेला असेल आणि तुम्हाला तिसरा हवा असेल, तर तिलाही सारं परत जुळवावं लागतं. एएमटीत तर क्लच एकच. तो यंत्राने सुटतो आणि परत लागतो, तेवढा वेळ चाकांना ओढच नसते. ट्रकच्या बरोबरीला आल्यावर नेमका हा झोका आला तर पोटात गोळा येतो. २०१४ च्या सेलेरिओपासून एएमटीने लाखो घरांना क्लचमधून सोडवलं, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तिच्यावरचा कुठलाही रिव्ह्यू ‘शहरासाठी उत्तम’ या वाक्यावर थांबतो, आणि कोहमाऱ्याचा रस्ता कुठल्याच शहरात येत नाही.

भाषेचंही तेच. ‘लिनिअर पॉवर डिलिव्हरी’, ‘एंगेजिंग ड्राइव्ह’ हे शब्द मराठी रिव्ह्यूत जसेच्या तसे येतात आणि कानावरून निघून जातात. आमच्याकडचा ट्रॅक्टरवाला म्हणतो, गाडी उठते, गाडी ओढते, गाडी दम सोडते, झटका मारते. प्रत्येक शब्द पायाखाली काय घडतंय ते सांगतो. चढावर भरलेली ट्रॉली हाफ क्लचवर धरून ठेवणाऱ्याला कुणी ‘खरा ड्रायव्हर’ म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. बहुधा गॉगल नसल्यामुळे.

माझी मावसबहीण देवरी तालुक्यात डॉक्टर आहे. क्लच ती शिकली मामाच्या शेतात, आषाढात, चिखलणी करताना. लोखंडी चाकं लावलेला ट्रॅक्टर बांधीत रुतला आणि अशा वेळी क्लच एकदम सोडला, तर पुढची चाकं हवेत उठतात. त्यात माणसं गेलेली आहेत. म्हणून पाय हळू सोडायचा, हे ती सोळाव्या वर्षी शिकली. आता तिला गाडी घ्यायची आहे. जोरकस हवी, कारण रात्रीचे कॉल असतात. आणि तिला ऑटोमॅटिक हवी. घरातल्या पुरुषांचं एकमत झालं की ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी, पैसे वाया. हे बोलणाऱ्यांपैकी एकानेही कधी चिखलणी केलेली नाही. ताई फक्त म्हणाली, “अरे, क्लच मला येतो हे मला माहीत आहे. दिवसभर उभी राहून रात्री बारा वाजता तो कुणाला दाखवू?”

आम्ही दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून नागपूरच्या एका शोरूमला गेलो. टर्बो पेट्रोल सेडान, ऑटोमॅटिक. मॅन्युअलची डेमो गाडी नव्हती. बुकिंग केलं तर मागवू म्हणाले. मॅन्युअल श्रेष्ठ म्हणून रिव्ह्यूवाले घसा कोरडा करतात, आणि गिऱ्हाइकाला ती चालवून बघायलाच मिळत नाही. पंधरा मिनिटांचा ठरलेला फेरा, चौपदरी रस्ता, शेजारी सेल्समन, गाणी लावलेली. एक वळण, एक यू टर्न, परत. सेल्समन सनरूफ उघडून दाखवत राहिला.

ताईने मध्येच गाडी बाजूला घेतली. मोड बदलला, पट्ट्यांनी गिअर खाली आणून बघितला, चाळिशीवरून तीनदा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला आणि दर वेळी तोंडाने ‘एक, दोन’ मोजलं. मग विचारलं, “मी हाताने तिसरा टाकला तर गाडी तो धरून ठेवते की स्वतःच बदलते?” इतक्या वर्षांत वाचलेल्या रिव्ह्यूंमध्ये इतका नेमका प्रश्न मला क्वचितच भेटला. सेल्समनने मोबाइल काढून शोधायला सुरुवात केली. पहिला निकाल एका रिव्ह्यूचा होता.

परतताना तिने त्यांना सांगितलं की ही गाडी एकदा आमगाव–देवरी रस्त्यावर, संध्याकाळनंतर चालवून बघायची आहे, डिझेलचे पैसे मी देते. “मॅडम, ही पेट्रोल आहे,” तो म्हणाला. मॅनेजरला विचारून फोन करतो म्हणाला. दोन आठवडे झाले, फोन आलेला नाही.