चौकट भिंतीवर, गोष्ट कपाटात

कॉमिक्सला आता प्रदर्शनं, मुलाखती, सत्कार असा मान मिळू लागलाय, याचा मला आनंद आहे. पण हा मान ज्या रीतीने दिला जातो, ती पाहून चीड येते. गोष्टीतली एक चौकट उचलायची, फ्लेक्सवर दाराएवढी करायची आणि तिच्यासमोर फोटोसाठी जागा ठेवायची. मागचं पान नाही, पुढचंही नाही.

शि. द. फडणीसांच्या चित्रांना भिंत मानवते. 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावर तरुणीच्या साडीवर उंदीर, शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजरं. सगळी गंमत एका नजरेत, शब्दाविना. त्यांचं 'हसरी गॅलरी' हे प्रदर्शन शोभलं ते त्यामुळेच. 'चिंटू'चं तसं नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत शेवटची चौकट हसवते, कारण आधीच्या चौकटींनी दम धरलेला असतो. एकटा चिंटू मोठा करून टांगला, तर उरतो फक्त गोड चेहरा.

पुण्यात बालेवाडीला 2022 मध्ये आर. के. लक्ष्मण यांचं संग्रहालय उघडलं. त्यात मालगुडीची प्रतिकृती आहे. ते गाव आर. के. नारायण यांच्या कल्पनेतलं. त्यांच्या धाकट्या भावाने, लक्ष्मण यांनी, ते रेखाटलं हे खरं, पण लक्ष्मण म्हणजे रोज सकाळी वर्तमानपत्राच्या टीचभर जागेत मावणारी काळी शाई. ती जवळून वाचायची असते. कॉमिक कॉन हा पोशाखांचा आणि खरेदीचा मेळा. त्यावर अधिक लिहावंसं वाटत नाही.

लिहावं ते 'भीमायन' या चित्रकादंबरीवर. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी 2011 मध्ये बाबासाहेबांचं आयुष्य रंगवलं आणि काटकोनी चौकटीच नाकारल्या. गोंड नक्षीचे पट्टे पानभर वळतात, प्रसंग त्यांतून वाहतात. मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं. विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. तहानलेल्या भीमाला पाणी नाकारलं जातं, तिथे ती नांगी डोळ्यांत रुतते. पण रुतते ती आधीची पानं उलटून आलेल्याला. हेच पान काचेत लावा, बघणारा रंगांचं कौतुक करून पुढे जाईल. त्याच वर्षी महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांची चित्रकादंबरी आली. फुल्यांचं पुणं, आणि पुस्तक मात्र इंग्रजीत! यावर पुण्यात गदारोळ व्हायला हवा होता.

क्योतोत 2006 पासून मंगा संग्रहालय आहे, जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत. सुमारे 50,000 पुस्तकं भिंतभर फळ्यांवर मोकळी. हवं ते काढा, हिरवळीवर बसून वाचा. हे आपल्याला का जमू नये? बिबवेवाडीहून बालेवाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरचं पोर तिथे गेलंच तर शाळेच्या सहलीबरोबर जाईल, रांगेतून फिरेल आणि परत बसमध्ये बसेल. त्याच्या जवळच्या महापालिका शाळेतली एक खोली संध्याकाळी उघडी ठेवा. फळ्यांवर 'चिंटू'चे संग्रह, जुन्या मराठी अमर चित्रकथा, 'भीमायन' ठेवा. फाटली तर चिकटवा, पण कुलूप लावू नका. आणि चित्रकाराला बोलावलंत तर स्फूर्तीचा प्रश्न विचारून टाळ्या घेऊ नका. त्याच्या हातात खडू द्या, पोरांकडून गोष्ट घ्या आणि तिसऱ्या चौकटीनंतर पुढे काय, हे पोरांनाच काढू द्या.